नर्सबाईंची शिफारस

तालुक्याच्या गावात कविता लिहिणाऱ्या माणसाला कवितेबद्दल फारसं कुणी विचारत नाही. त्याच्याकडे लोक येतात ते लग्नपत्रिकेतल्या चार ओळींसाठी, नाहीतर निवृत्तीच्या मानपत्रासाठी. मी बी.ए. मराठी, आणि मुसलमान असून मराठीत लिहितो याचं आमच्याकडे अजूनही थोडं कौतुक आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या बऱ्याच हेडमास्तरांची, दोन तलाठ्यांची आणि एका एस.टी. कंडक्टरची मानपत्रं माझ्या हातची आहेत. मानपत्र सोपं असतं. सेवाभावी, निगर्वी, अजातशत्रू हे शब्द ठरलेले. नाव बदललं की काम भागतं. ते फ्रेममध्ये जातं, भिंतीवर लागतं आणि पुन्हा कुणी वाचत नाही.

गेल्या वर्षी मात्र मोहल्ल्यातल्या चार-पाच बायका वेगळंच काम घेऊन घरी आल्या. ‘भाईजान, नर्सबाई आता रिटायर होणार. नर्सला दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून बक्षीस मिळतं म्हणे. त्यांचं नाव पाठवायचंय. तुम्ही लिहा.’

बायकांची माहिती खरी होती. राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार केंद्राच्या आरोग्य खात्यानं १९७३ साली सुरू केला. रुग्णालयातल्या परिचारिकांबरोबर गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकाही त्यात येतात. पदक, प्रमाणपत्र आणि आता १ लाख रुपये. २०२० सालचे ५१ पुरस्कार २०२१च्या सप्टेंबरात दिले गेले. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ या वर्षांसाठी दर वर्षाला १५. देशात नोंदणी झालेलं परिचर्या मनुष्यबळ ३३ लाखांच्या वर आहे. तेव्हा मिळण्याची आशा किती, हे बायकांना मी आधीच सांगून टाकलं. त्यातली एक म्हणाली, ‘मिळो न मिळो, कुणीतरी लिहिलं तर पाहिजे.’

आमच्या नर्सबाई म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्यसेविका. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांना विचारलं, तुमच्या कामाबद्दल तुम्हीच काही लिहून द्या. त्यांनी वहीचं पान फाडून एक ओळ लिहून दिली : ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.’ एका कचेरीत चौकशी केली तर तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘वर्तमानपत्रातली कात्रणं आहेत का? सत्काराचे फोटो?’ नव्हते. ज्या बाईचा दिवस वाड्या-वस्त्यांवर जातो, तिचा फोटो काढायला कोण जाणार?

मग मी वही घेऊन घरोघर बसायला लागलो. पहिला विषय निघाला पोलिओचा.

पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ साली सुरू झाली. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला तोंडातून दोन थेंब. रविवारी बूथवर जे येत नाहीत त्यांच्यासाठी पुढचे दिवस घरोघर फिरायचं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूनं इंग्रजी ‘पी’ लिहायचा. कुणी राहिलं असेल, नाही म्हटलं असेल, तर फुली मारायची. आमच्या गल्लीत तेव्हा फुल्याच फुल्या. या औषधानं पोरांना पुढे मुलं होणार नाहीत, अशी अफवा होती. ती आमच्याच गल्लीत होती असं नाही. उत्तर प्रदेश, बिहारपर्यंत तिनं मोहिमेचे हाल केले. पण आमच्या खालांचं म्हणणं अफवेपेक्षा निराळं होतं, आणि मला ते आजही बिनतोड वाटतं. दारात उभ्या राहून त्यांनी नर्सबाईंना विचारलं होतं, ‘पोलिओ के दिनच हमारी याद आती क्या? बच्चा बुखार में तपता तब किधर रहते तुम?’

नर्सबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. फुली मारून गेल्या. आणि चार दिवसांनी लशीच्या डब्याशिवाय आल्या. खालांचं ब्लडप्रेशर बघितलं. शेजारच्या पोराला जुलाब होत होते, त्याच्या आईला मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण पुन्हा पुन्हा करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात परत आल्या. असं कित्येक महिने. पुढल्या फेरीला खालांनी आधी चहा पाजला, मग स्वतः नातवाचं तोंड उघडून धरलं. मग खाला त्यांच्याबरोबर गल्लीभर फिरल्या. खाला पुढे असल्यावर आमच्याकडे दार लावून घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची. तिच्या करंगळीच्या नखावरची ती शाईची खूण मला आठवते.

देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. या मोठ्या गोष्टीत आमच्या गल्लीचा वाटा खडूच्या खुणांएवढा. पण रजिस्टरात पाहिलं तर तिथे फक्त डोस मोजलेले आहेत. ज्या फेऱ्यांमुळे दार उघडलं, त्या मोहिमेच्या नव्हत्याच. त्यांना रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट एका सुनेनं सांगितली. पहिलं बाळंतपण, रात्रीची वेळ, मूल झाल्यावर रक्त थांबेना. भाड्याची ट्रॅक्स मिळाली. नर्सबाई मागच्या सीटवर तिच्याशेजारी वाकून बसल्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत तिचं ओटीपोट हातानं दाबत, चोळत राहिल्या. गर्भाशय आकसून घट्ट राहिलं की रक्तस्राव आवरतो, म्हणून. खड्ड्यांचा रस्ता, दीड तास. ‘उतरल्यावर बाईंना हात सरळ करता येत नव्हते,’ असं ती म्हणाली. उपकेंद्राच्या रजिस्टरात त्या रात्रीची नोंद मी पाहिली. एकच शब्द आहे : ‘संदर्भित’. म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवलं. नोंद चुकीची नाही. पण पुरस्कार समितीपुढे नुसता तो शब्द गेला, तर दीड तासाचं काय?

परिचर्येच्या कामाची हीच अडचण आहे. शस्त्रक्रिया दिसते. पोलिओ न झालेला मुलगा चारचौघांसारखा सायकल मारत जातो, त्याच्याकडे बोट दाखवून काय सांगणार? कधीकधी मरणानंच काम सगळ्यांना दिसतं. केरळात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या लिनी या परिचारिकेचा निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन २१ मे २०१८ रोजी मृत्यू झाला. तिला हाच पुरस्कार मरणोत्तर मिळाला. तो द्यायलाच हवा होता. पण जिवंत बाईचं काम कागदावर यायचं तर कुणालातरी बसून लिहावं लागतं. कर्नाटकातल्या पावगड तालुक्यातल्या सुईण नरसम्मा यांनी हजारो बाळंतपणं एक पैसा न घेता केली; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नरसम्मांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे त्यांचा कागद दुसऱ्या कुणीतरी मन लावून केला असणार.

पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. अर्ज ऑनलाइन आणि कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत. पण नियमात एक मेख आहे. सरकारी नोकरीत असलेल्यांना पद्म मिळत नाही. सवलत आहे ती डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना. एकाच दवाखान्यातले सरकारी डॉक्टर नोकरीत असताना पात्र आणि त्यांच्याच शेजारी उभी असलेली परिचारिका निवृत्त होईपर्यंत अपात्र. अंदमानात ओंगे लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या आरोग्यसेविका शांती तेरेसा लाक्रा यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, पण अशी नावं किती? हा नियम बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. आम्ही आमचा कागद केला. मानपत्रातला एकही शब्द त्यात घेतला नाही. फुल्या कोणत्या दारांवर होत्या आणि त्यांचे ‘पी’ कधी झाले ते लिहिलं, ट्रॅक्सची रात्र लिहिली, सांगणारीचं नाव तिच्या परवानगीनं घातलं. खाली बायकांच्या सह्या. खाला आता थकल्या आहेत, त्यांचा अंगठा घेतला. नर्सबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली : त्या रात्री ट्रॅक्सवाल्यानं भाडं घेतलं नव्हतं, तेही लिहा. लिहिलं.

कागद पुढे गेला आहे. दरम्यान त्याच बायका पुन्हा येऊन गेल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक आयाबाई आहेत. बाळंतिणीजवळ सोबतीला कुणी नसलं तर पाळी संपल्यावरही त्या घरी जात नाहीत. परिचारिकांच्या पुरस्कारात आयांना जागा नाही, आणि पद्मसाठी त्यांची नोकरी आड येते. मी चौकशी केली. येत्या जूनमध्ये त्या निवृत्त होतात. त्यांच्याकडे बाळंत झालेल्या बायकांची यादी करायला आम्ही सुरुवात केली आहे.