कात्री कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



सिनेमाधंद्यातल्या बायकांवर माहितीपट करते म्हटलं की लोक विचारतात, 'कुठल्या नटीवर?' मला मात्र नटीचे केस विंचरणाऱ्या बाईवर फिल्म करायची होती.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती पुरुषानंच केली होती. बाईचा चेहरा पडद्यावर आला, पण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तो रंगवायचा हक्क बाईला मिळायला २०१४ साल उजाडलं! संघटना बायकांना मेकअपचं कार्डच देत नसे. बाईनं फक्त केस करायचे. का? तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल! चारू खुराना आणि इतर काहीजणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा हा नियम घटनाविरोधी ठरून रद्द झाला.

माझी गोष्ट त्या निकालाआधीची. एक हेअरड्रेसर मावशी दार लावून चोरून मेकअप करायच्या. कुणी तपासायला आलं की पेटी कपड्यांच्या ढिगाखाली. हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर हसत हसत सांगितलं. मी खूष! एडिटिंगला बसले तर त्यांचा फोन. "ताई, तेवढं काढा. मला उद्या कामावर जायचंय."

मी समजावायला लागले. "मावशी, तुमच्या बोलण्यानं इतर बायकांना बळ येईल." फोन ठेवला आणि चपापले. नको म्हणणाऱ्या नटीलाही असंच समजावतात ना, 'सीनची गरज आहे' म्हणून? मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

ते दृश्य मी काढलं. फिल्म लंगडी झाली. पण तेव्हापासून नियम केला : फिल्म आधी त्यातल्या बायकांना दाखवायची. नको म्हणायचा हक्क शेवटपर्यंत त्यांचा.

केरळमध्ये २०१७ साली नेमलेल्या हेमा समितीनं मल्याळम सिनेमातल्या बायकांचं म्हणणं ऐकलं. अहवाल २०१९ साली सरकारकडे गेला, लोकांसमोर आला २०२४च्या ऑगस्टमध्ये, तोही नावं वगळून. लगेच प्रश्न आला, 'या बायका नावानिशी का बोलत नाहीत?' नाव सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना काम कोण देणार, हे विचारणारे थोडेच.

आज आपल्या गटांतही फोनवर मुलाखती घेतल्या जातात. जरूर घ्या. पण बोलणाऱ्या बाईला उद्या कुठे कामाला जायचंय, हे आधी विचारा.