उतारवयातील विद्यार्जन आणि ग्रंथालय



विद्येला वयाची अट नाही, असे आपल्याकडे आदराने म्हटले जाते. व्यवहारात ती अट दीर्घकाळ टिकून राहिली. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने आपले लक्ष्य १५ ते ३५ या वयोगटावर केंद्रित केले. निरक्षर असंख्य आणि साधने तोकडी, म्हणून कमावत्या वयाला अग्रक्रम मिळाला. तो हिशेब समजण्याजोगा होता. पण साठीची आजी त्यात कोठेच बसत नव्हती. २००९च्या साक्षर भारत योजनेत पंधरा वर्षांवरील सर्व प्रौढांना स्थान मिळाले आणि दार उघडले गेले. तथापि उघड्या दारातून आत येणाऱ्या वृद्धाला बसावयास जागा कोण देणार, हा प्रश्न उरलाच.

प्रौढांच्या शिक्षणाचे दोन प्रवाह महाराष्ट्राला परिचित आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली; तो अक्षरओळखीचा प्रवाह. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तो बहुश्रुततेचा. पहिल्यात शिकणारा पाटीवर लिहितो, दुसऱ्यात तो केवळ ऐकतो. वृद्धांच्या वाट्याला बहुधा ऐकणेच आले.

या पार्श्वभूमीवर ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या खेड्याचे महत्त्व लक्षात येते. तेथे ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन, घरची कामे आटोपल्यावर दुपारी वर्गात बसू लागल्या. पोथी आपली आपण वाचावी आणि अंगठ्याऐवजी सही करावी, एवढीच त्यांची आकांक्षा होती. या वयात विद्येचा मोबदला नोकरीच्या रूपाने मिळावयाचा नसतो. तो मिळतो स्वाभिमानाच्या रूपाने.

आळंद तालुक्यातील खजुरी आणि तिच्या आसपासच्या सीमाभागात हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो कन्नड भाषेच्या राज्यात आला. घरात मराठी, जुन्या दप्तरात मोडी वा उर्दू, आणि आजच्या कचेरीत कन्नड, अशी येथील अक्षरांची वाटणी आहे. ज्ञानेश्वरीचे नित्य पारायण करणारे आजोबा स्वतःच्या शेताच्या पहाणीपुढे निरक्षर ठरतात. कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाला ती पहाणी वाचता येते, पण पणजोबांचा मोडीतील कागद त्याला अगम्य असतो. आजोबांना निरक्षर म्हणावे की नातवाला? दोघांजवळही अर्धीच विद्या आहे, आणि ते अर्धे भाग एकत्र आणणारी जागा गावात नाही.

ती जागा होण्याचे सामर्थ्य ग्रंथालयात आहे. वाचनालयाच्या एका दालनात आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांसाठी राखावी. मोठ्या टाइपातील पुस्तके, पुरेसा उजेड आणि टेकून बसण्याची सोय असावी. प्रारंभीचा तास शिकण्याचा असावा: पहाणीवरील कन्नड शब्द, बँकेचा अर्ज, सहीचा सराव. तो तास शाळकरी मुलांनीही घ्यावा. दुसरा तास शिकविण्याचा असावा, आणि त्यात ज्येष्ठांनी आसन घ्यावे: मोडीचे वळण, जात्यावरच्या ओव्या, पेरणीचे आडाखे, निजामी अमदानीच्या आठवणी. त्या लिहून घेण्याचे काम तरुण सभासदांनी करावे. उर्दू शाळेत शिकलेली पिढी आता थोडी उरली आहे आणि मोडी जाणणारे विरळ झाले आहेत. विलंबाला फारसा अवकाश नाही.

ग्रंथालये सभासदांच्या नोंदवहीवरून आपली भरभराट मोजतात. यापुढे त्या नोंदवहीत आणखी एक रकाना असावा: वयाच्या साठीनंतर येथे प्रथमच स्वतःच्या हाताने सही केलेले सभासद किती? शतक पूर्ण करणाऱ्या संस्थेने वृद्धांना विद्यार्थी म्हणून बोलावणे, हे तिच्या वयालाही शोभून दिसेल.