उठून उभे राहण्याचा हक्क

(नशिराबाद येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



वृद्धांचा प्रश्न म्हटला की आपण निवृत्तिवेतनाबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण आज मला दुसऱ्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. म्हातारे माणूस पडते, त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, त्याचा जीव वाचतो. त्यानंतर त्याला पुन्हा उभे कोणी करायचे?

माझ्या आत्याचे उभे आयुष्य कापूस वेचण्यात आणि केळीच्या बागांत गेले. पंचाहत्तरी उलटल्यावर एके दिवशी मागल्या दारी पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली आणि चांगली झाली. सातव्या दिवशी घरी पाठवताना सांगण्यात आले, "हळूहळू चालवा." कसे चालवायचे, पायावर किती भार द्यायचा, खाटेवरून उठवताना कुठे धरायचे, हे कोणीच दाखवले नाही. पुन्हा पडेल या भीतीने आम्ही तिला उठूच दिले नाही आणि त्यालाच सेवा समजत राहिलो. दोन महिन्यांत तिचे पाय काडीसारखे झाले आणि पाठीला जखमा झाल्या. हाड सांधले, पण आत्या अंथरुणातून उठली नाही. तिचे करण्यासाठी माझ्या वहिनीला मजुरी सोडावी लागली. एका बाईचे चालणे गेले आणि दुसरीची रोजी गेली. या दुसऱ्या नुकसानीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

हे दैवाने घडले असे मी मानत नाही. निजून राहिलेल्या वृद्धाचे स्नायू झपाट्याने झिजतात. फुप्फुसात कफ साचतो, कातडी दबून फाटते, रक्तदाब उभे राहताना कोसळतो. म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शक्यतो दुसऱ्याच दिवशी खाटेखाली उतरवावे, हा आज मान्य झालेला वैद्यकीय संकेत आहे. पक्षाघातातही सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच होतो. तो काळ वाया गेला, तर पुढे कितीही पैसा ओतला तरी त्याची भरपाई होत नाही.

हे ज्ञान आले ते गरिबांच्याच वॉर्डातून. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाच्या ताब्यात शेजारचे गरिबांचे सरकारी रुग्णालय आले. वर्षानुवर्षे पडून असलेल्या तेथील शेकडो वृद्धांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्यावर पडली. त्यांनी एकेकाला तपासले, खाटेवरून उतरवले, व्यायाम सुरू केले, वॉर्डाला रंग दिला आणि भिंतींना धरायला कठडे बसवले. कायमचे म्हणून सोडून दिलेल्यांपैकी कितीतरी जण चालू लागले आणि घरी गेले.

महाराष्ट्रही यात मागे नव्हता. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. स्नान, कपडे, स्वयंपाक, हातचे काम हे सारे रुग्णाला पुन्हा स्वतःचे स्वतः करता यावे, हे या शास्त्राचे काम. १९५३ साली तिथेच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. परळहून नशिराबाद चारशे किलोमीटरच्या वर आहे. पाऊणशे वर्षांत हे शास्त्र तेवढे अंतर चालून आलेले नाही.

कागदावर मात्र ते पोचले आहे. २०१० साली केंद्राने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय, त्याखालच्या केंद्रात पुनर्वसन कार्यकर्ता, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी, हे सारे त्यात लिहिलेले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार वृद्धांच्या आश्रमाची तरतूद आहे. पण शासन तो "स्थापन करू शकेल" असे शब्द आहेत, "स्थापन करील" असे नाहीत. २०२४ पासून सत्तरीवरील प्रत्येकाला आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. परंतु रुग्णालय सोडल्यानंतरचा खर्च त्यात पंधरा दिवसांपुरताच धरला आहे. खुबा पंधरा दिवसांत चालू लागत नाही!

ही पोकळी कोण भरून काढतो? बाजार. मोठ्या शहरांतून खाजगी शुश्रूषागृहे आणि पुनर्वसन केंद्रे निघाली आहेत. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याचे वडील तिथे काठी घेऊन चालायला शिकतात. ज्याच्याकडे नाही, त्याला वृद्धाश्रमाच्या दारातच बहुधा विचारतात, "स्वतःचे स्वतः करता येते ना?" आणि खाजगी केंद्रांत तरी रात्रंदिवस उचलण्या-निजवण्याचे काम करतात त्या ब्यूरोमार्फत आलेल्या मावश्या. त्यांना ना धड शिक्षण, ना नोकरीची शाश्वती, ना दुखऱ्या कमरेवर इलाज.

केवळ पैसा आला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. अमेरिकेत मेडिकेअर योजना इस्पितळातून निघालेल्या वृद्धाला शुश्रूषागृहात शंभर दिवसांपर्यंत साहाय्य देते. तिथे पूर्वी उपचाराची जितकी मिनिटे तितके जास्त पैसे असा हिशेब होता, तेव्हा मिनिटे वाढवली गेली. २०१९ साली हिशेब बदलून रुग्णाच्या प्रकृतीवर आणला, तेव्हा तीच मिनिटे घटली. म्हातारे तेच, त्यांचे गुडघेही तेच. बदलला होता तो फक्त दर. उपचार नफ्याच्या हाती दिला की रुग्णाची गरज मागे पडते, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

आपल्याच देशात दुसरी वाटही आहे. केरळने २००८ साली वेदनाशामक सेवेचे धोरण स्वीकारले. तिथे पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका आणि स्वयंसेवक खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. तिथली पंचायत जे करू शकते, ते खानदेशातल्या गावांना का अशक्य असावे?

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम नेमणुकीचा फिजिओथेरपिस्ट हवा. शस्त्रक्रियेनंतर दोन-चार आठवडे राहून चालायला शिकता येईल असा सार्वजनिक कक्ष तालुक्याला हवा. घरी जाऊन शिकवणाऱ्याचा खर्च आरोग्य योजनेत तीन महिने तरी धरला जावा. आणि मावश्यांना प्रशिक्षण व किमान वेतन मिळावे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे, निवेदनाआधी एक काम करा. आपापल्या वॉर्डात घरोघर जाऊन विचारा: गेल्या वर्षभरात कोण पडले, कोणाला पक्षाघात झाला, त्यातले किती पुन्हा चालू लागले, आणि त्यांच्यापायी घरातल्या कोणाची मजुरी सुटली? ती यादी घेऊन आपण जिल्हा रुग्णालयात जाऊ आणि विचारू की त्या दहा खाटा कुठे आहेत, तो पुनर्वसन कार्यकर्ता कुठे आहे?

ज्यांनी आयुष्यभर ओझी वाहिली, त्यांच्यासाठी आपण दया मागत नाही. आपल्याच पायांनी उंबरा ओलांडून ओट्यावर येऊन बसता यावे, एवढेच मागतो आहोत. आत्याच्या बाबतीत मला उशीर झाला. आपल्या घरी तो होऊ देऊ नका.