संगणकाच्या तबकडीची तपासणी



पाऊस लागला की आपल्याकडे विजेचा लपंडाव सुरू होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा तर रायगडात कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी शाळेचा संगणक चालू असला, तर वीज परत येते, पण एखादी फाईल काही केल्या उघडत नाही. आत नेमके होते काय?

हार्ड डिस्क म्हणजे पेटीत गरगर फिरणाऱ्या चुंबकीय तबकड्या. त्यांवर मजकूर लहान लहान वाफ्यांत लिहिला जातो. जुन्या डिस्कमध्ये एका वाफ्यात ५१२ बाईट मावत, नव्यांत ४०९६. प्रत्येक वाफ्याशेवटी ताळ्याचे आकडे असतात. लिहिता लिहिता वीज गेली, तर मजकूर आणि ताळा जुळत नाही, आणि वाफा वाचता येत नाही. असा वाफा पुन्हा लिहिला की बहुधा सुधारतो. जुना मजकूर मात्र गेला तो गेलाच. धक्क्याने ओरखडा पडला असेल, तर वाफाच निकामी होतो. मग डिस्क त्याच्या जागी राखीव वाफा लावते. भाताची रोपे मेली की आपण राखलेल्या रोपांनी नांगी भरतो ना, तसेच. पण राखीव रोपे पुरणार किती?

आता तपासणी. त्याआधी जनरल रजिस्टर, निकालपत्रके, फोटो यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा. आजारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावली, तर ती त्यातच मान टाकू शकते.

लिनक्स असलेल्या संगणकात काळ्या पडद्यावर 'एलएसबीएलके' लिहा, म्हणजे डिस्कची नावे दिसतील. नाव नीट पाहून घ्या. मग व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'बॅडब्लॉक्स' हा हुकूम, पुढे उणे चिन्हासह एस आणि व्ही ही अक्षरे, शेवटी डिस्कचे नाव. एस मुळे काम कुठवर आले ते कळते, व्ही मुळे चुका दिसतात. ही तपासणी नुसती वाचते. त्या जागी डब्ल्यू लिहाल तर सगळी डिस्क पुसली जाईल! हे अक्षर मुलांच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेकंदाला शंभर मेगाबाईट वेग धरला, तरी एक टेराबाईटला जवळजवळ तीन तास लागतात. तेव्हा बॅटरीची सोय असू द्या. पडद्यावर आकडे उमटले तर ते खराब वाफ्यांचे क्रमांक. ते टिपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. वाढले, तर ती डिस्क कामातून काढा.

विंडोजमध्ये हेच काम 'चेकडिस्क' करतो. 'आर' अक्षर जोडले की तो दुरुस्तीही करू लागतो, म्हणून तिथेही नक्कल आधीच काढलेली हवी.