संघटनेची कार्यकर्ती आणि घरचे काम
(स्वागताध्यक्षीय भाषण, सेनगाव)

अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांच्या संघटनांनी ग्रामीण महाराष्ट्रातील हजारो स्त्रियांना मोर्चात उतरवले. या कामगार स्त्रियांचा पहिला झगडा मात्र घरातच असतो. अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आशा २००५ नंतर आल्या. दोघींच्या हाती आजही पडते ते मानधन. लेकराला भरवणे, बाळंतिणीची काळजी घेणे हे बायका घरी फुकट करतातच, मग त्याला पगार कशाला, हा घरातला हिशेब सरकारने जसाच्या तसा उचलला आहे.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. या मिनिटांचा अर्थ सेनगावच्या बैठकीत कळतो. अकराला पोचायचे तर कार्यकर्तीला पहाटे उठून पाणी भरावे लागते, दोन्ही वेळच्या भाकरी थापाव्या लागतात, धाकट्याला सासूकडे सोपवून एसटी गाठावी लागते. गावातली चाळीस लेकरे सांभाळणारीला स्वतःच्या लेकरासाठी मिनतवारी करावी लागते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे अर्धे तिकीट झाले. त्याने पैसे वाचले, वेळ वाचला नाही. पदाधिकारी निवडीचा विषय शेवटी येतो, तोवर कितीतरी जणी बसस्थानकावर पोचलेल्या असतात. मग पदे कोणाकडे जातात, हे वेगळे सांगायला नको.

हे दुखणे जुने आहे. मुंबईच्या गिरणगावात उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी कामगार स्त्रियांना लढ्यात आणले. दोघींच्याही आत्मकथा आहेत, त्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचाव्यात. १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा आणि १९४८ च्या कारखाने कायद्यातील पाळणाघराची तरतूद यांनी घरचा थोडा भार मालकावर टाकला. नवऱ्याच्या वाट्याला तो कोणत्याच कायद्याने आला नाही.

४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेला अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप पन्नास दिवसांहून अधिक चालला. त्या दिवसांतही घरचा स्वयंपाक बहुतेकींनाच करावा लागला.

बैठकांची वेळ, बैठकीच्या जागी लेकरांची सोय आणि कार्यकर्त्या पुरुषांचा घरकामातला वाटा हे विषय पहिल्याच सत्रात, सगळ्या जणी हजर असताना घ्यावेत, ही परिषदेला विनंती.