वेढ्यातल्या फटी

(रेडिओवरील भाषण)

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो एका अरुंद, लांबट खोऱ्यात वसली आहे. मधून मिल्यात्स्का नावाची उथळ नदी, दोन्ही काठांना दाटीवाटीने घरं, आणि भोवती डोंगर. १९८४ साली इथे हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा याच डोंगरांवरून खेळाडू घसरत खाली येत होते. आठ वर्षांनी तिथे तोफा चढल्या. त्रेबेविच डोंगरावरची बॉबस्लेची सिमेंटची पन्हळ सैनिकांना आयता मोर्चा म्हणून मिळाली. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस, बोस्नियन सर्बांच्या सैन्याने हे शहर वेढून धरलं होतं. त्या काळात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ २०१२ साली शहराच्या मुख्य रस्त्यावर रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्या होत्या ११,५४१.

या कहाणीच्या सुरुवातीला आपल्या ओळखीचं एक नाव येतं. शेजारच्या क्रोएशियातली शस्त्रसंधी राखायला संयुक्त राष्ट्रसंघाने जी शांतिसेना पाठवली, तिचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले अधिकारी. त्यांचं मुख्यालय मुद्दाम सारायेव्होत ठेवलं गेलं, कारण भांडण क्रोएशियात आणि हे शहर त्यापासून अलिप्त, असा हिशेब होता. महिनाभरात युद्ध मुख्यालयाच्या दारातच येऊन ठेपलं, आणि मे महिन्यात मुख्यालयाला तिथून हलावं लागलं. ज्यांना हलणं शक्य नव्हतं ते साडेतीन लाखांच्या आसपास लोक आत राहिले.

वेढा म्हटलं की सगळ्या वाटा बंद, असं चित्र आपल्या मनात येतं. पण खरोखरच सगळ्या वाटा बंद झाल्या असत्या, तर एवढं मोठं शहर काही महिनेसुद्धा टिकलं नसतं. हे तर चार वर्षं टिकलं. ते जगलं फटींतून. आणि आजच्या भाषणात मला एवढंच सांगायचं आहे, की वेढ्यात कोण कसा जगतो, ते या फटी कुणाच्या ताब्यात आहेत त्यावर ठरतं.

पाण्यापासून सुरुवात करतो. शहराला पाणी पुरवणारे मुख्य झरे पश्चिमेला, इलिजाच्या बाजूला, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्या मुलखात. पंप चालवायला वीज लागते, आणि विजेच्या ताराही त्यांच्याच मुलखातून येणाऱ्या. गॅस यायचा रशियातून सर्बियामार्गे. म्हणजे शहराचा नळ, दिवा आणि शेगडी, तिन्हींची चावी बाहेरच्यांच्या हातात. त्यांनी ती कायमची बंद केली नाही. अधूनमधून सोडायची आणि पुन्हा आवळायची. रात्री दोन वाजता नळाला आवाज आला, की सगळी इमारत जागी होऊन बादल्या, पातेली, न्हाणीतला टब, हाताला लागेल ते भरून ठेवायची.

एरवी पाणी आणायचं ते रांगेतून. बिस्त्रिक भागात बिअरचा जुना कारखाना आहे. त्याच्या आवारात स्वतःचा झरा होता, तो हजारोंचा आधार झाला. लोक प्लास्टिकचे कॅन बाबागाडीवर, बाजारहाटाच्या ढकलगाडीवर, हिवाळ्यात मुलांच्या घसरगाडीवर लादून न्यायचे. लिफ्ट बंद, म्हणून तेच कॅन हाताने दहा-दहा मजले चढवायचे. रांग लांब असली की तोफखान्याला नेम धरणं सोपं, आणि त्या रांगांवर गोळे पडले. तरी दुसऱ्या दिवशी रांग लागायचीच, कारण तहान काही थांबत नाही.

फ्रेड क्युनी नावाच्या एका अमेरिकी इंजिनिअरने इथे मोठं काम केलं. लष्करी विमानाच्या पोटात बसतील आणि झटपट उतरवता येतील अशी शुद्धीकरणाची यंत्रं त्याने बनवून घेतली, ती तोफांपासून वाचावीत म्हणून डोंगरातल्या एका बोगद्यात बसवली, आणि नदीचं पाणी उचलून शहराच्या जलवाहिन्यांत सोडायची तयारी केली. यंत्रं तयार झाली, पण पाणी पिण्याजोगं नाही या कारणावरून स्थानिक अधिकाऱ्यांनी परवानगी लांबवली. गावात कुजबुज सुरू झाली, की रांगा संपल्या तर कुणाचा तरी धंदा बसेल. ती कुजबुज किती खरी, हा वाद पुढे चालूच राहिला. पण लोकांना ती खरी वाटली, यावरूनच त्या शहरात काय चाललं होतं ते कळतं.

दुसरी फट विमानतळाची. जून १९९२ मध्ये करार होऊन विमानतळ राष्ट्रसंघाकडे आला आणि जुलैपासून मदतीची विमानं उतरू लागली. साडेतीन वर्षांत त्यांच्या बारा हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या. तांदूळ, पीठ, मॅकरोनी, दुधाची पावडर, आणि डबाबंद गोमांस. त्या डब्यांना इतकी वाईट चव असायची, की युद्धानंतर सारायेव्होकरांनी चक्क त्या डब्याचंच स्मारक उभारलं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय समुदायाचे आभार मानणारा मजकूर कोरला. असा तिरकस विनोद त्या शहराला चांगला जमतो. पण विनोद बाजूला ठेवला, तर त्या डब्यांवाचून पहिला हिवाळासुद्धा पार पडला नसता.

या फटीलाही जकात होती. मदतीचा सुमारे पाव हिस्सा सर्बांच्या बाजूला द्यावा लागे. शिवाय विमानतळाचा वापर शहराबाहेर पडण्यासाठी होऊ द्यायचा नाही, अशी अट. धावपट्टीच्या पलीकडे बुतमिर गाव आणि इग्मान डोंगर, तो मुलूख बोस्नियन सरकारच्या ताब्यात. म्हणून लोक रात्री धावपट्टी ओलांडून पळायचे. शांतिसेनेचे सैनिक दिवे टाकून त्यांना पकडायचे आणि परत आत आणून सोडायचे. त्या दिव्यांच्या उजेडात डोंगरावरच्या बंदुकांना माणूस स्वच्छ दिसायचा. भाकरी उतरवणारी धावपट्टी माणसांसाठी मरणाची जागा झाली होती.

तेव्हा लोकांनी धावपट्टीच्या खालूनच वाट काढली. १९९३ च्या वसंतात एका टोकाला दोब्रिन्या वसाहत आणि दुसऱ्या टोकाला बुतमिर, असं दोन्हीकडून खणायला सुरुवात झाली. फावडी, कुदळी आणि माती वाहायला हातगाड्या. पाळ्या लावून रात्रंदिवस काम. भुयारात पाणी साचे, ते डब्यांनी उपसावं लागे. त्याच उन्हाळ्यात दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या. लांबी सुमारे आठशे मीटर, रुंदी मीटरभर, उंची कशीबशी दीड-पावणेदोन मीटर. मागाहून आत रूळ टाकले, तेलाची नळी आणि विजेची केबल ओढली. जखमी माणसं बाहेर जायची, दारूगोळा, पीठ, अंडी, तंबाखू आत यायची. बोस्नियाचे राष्ट्राध्यक्ष इझेतबेगोविच यांनाही याच भुयारातून जावं लागलं.

पण भुयार सैन्याच्या ताब्यात होतं. आत शिरायला परवाना लागायचा. ज्याची ओळख त्याला परवाना, आणि ज्याला परवाना त्याच्या पाठीवर साखरेचं पोतं. भुयाराच्या एका टोकाला साखरेचा जो भाव, तो दुसऱ्या टोकाला कितीतरी पट. व्यवहार जर्मन मार्कात. मार्क संपले की लोक अंगठ्या, घड्याळं, रंगीत टीव्ही, पुस्तकं विकायचे. सिगारेट हेही एक चलनच होतं. शहरातला तंबाखूचा कारखाना बंद पडला नाही. वेष्टनाचा कागद संपला तेव्हा मिळेल त्या छापील कागदात ‘द्रिना’ सिगारेटी गुंडाळल्या गेल्या, आणि पगारही सिगारेटींत दिले गेले. आघाडीची फळी ओलांडून शत्रूशीही व्यापार चालायचा. दिवसा एकमेकांवर गोळ्या झाडणारे रात्री डिझेलचा सौदा करत. शांतिसेनेतल्याही काहींनी त्यात हात धुऊन घेतले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे वेढ्याच्या दोन्ही अंगांना होते.

वेढ्याच्या पहिल्या दिवसांत शहराजवळ धड सैन्य नव्हतं. तेव्हा बंदूक घेऊन पुढे झालेल्यांत गल्लीतले दादाही होते. मुशान तोपालोविच ऊर्फ त्सात्सो हा त्यांतला एक. त्याने आपला मोर्चा राखला हे खरं. पण रस्त्यावरून माणसं उचलून त्याने त्यांना आघाडीवर खंदक खणायला जुंपलं, आणि त्याच्या टोळीने शहरात मागे राहिलेल्या सर्ब रहिवाशांना ठार मारून डोंगरातल्या घळीत टाकलं, हेही तितकंच खरं. हे सर्ब वेढा घालणाऱ्यांचे साथी नव्हते. तेही त्याच रांगेत पाणी भरत होते. शहराच्या संरक्षणाची धुरा वाहणाऱ्यांत योव्हान दिव्याक हे स्वतः सर्ब असलेले सेनाधिकारी होते. सरकारने ऑक्टोबर १९९३ मध्ये त्सात्सोवर कारवाई केली आणि त्याच वेळी तो मारला गेला. युद्धानंतर त्याचा दफनविधी पुन्हा झाला, तेव्हा हजारो लोक जमले. ज्याने वाचवलं आणि ज्याने लुटलं तो एकच माणूस असला, की त्याचं काय करायचं, हे त्या शहराला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

याच परिस्थितीत एका फटीचा वापर अगदी वेगळ्या रीतीने झाला. सारायेव्होत मूठभर यहुदी राहतात. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांचे हे वंशज. त्यांची ‘ला बेनेव्होलेन्सिया’ नावाची संस्था १८९२ पासूनची. या युद्धात मुसलमान, सर्ब, क्रोएट अशा तीन बाजू होत्या, आणि यहुदी त्यांतल्या कुठल्याच बाजूचे नव्हते. त्यामुळे तिन्ही बाजूंच्या नाक्यांवर त्यांच्या गाड्यांना वाट मिळे. या सवलतीवर त्यांना बक्कळ पैसा करता आला असता. त्यांनी मोफत औषधांची दुकानं उघडली आणि कुणाचंही नाव न विचारता औषध दिलं. सिनेगॉगमध्ये अन्नछत्र चालवलं. स्वयंपाकात, वाटपात सगळ्या धर्मांची माणसं. शहराबाहेर पडणाऱ्या त्यांच्या बसगाड्यांत यहुदींबरोबर इतरांनाही जागा मिळाली.

आणि त्यांनी एक रेडिओ बसवला. टेलिफोनच्या तारा तुटल्यावर हौशी रेडिओचालकांनी शहराला बाहेरच्या जगाशी जोडून ठेवलं होतं. मोटारीच्या बॅटरीवर यंत्र चालायचं. बाहेरून एखादी मुलगी विचारायची, आई, औषध मिळालं का? बोलणं संपलं की बटण सोडायचं, मग उत्तर. खोलीत आपली पाळी येण्याची वाट पाहणारे सगळे ते ऐकत असायचे. त्यात गुपित काहीच नव्हतं, म्हणून त्याला भावही नव्हता. सारायेव्होतल्या सगळ्या फटींत ही एकच अशी, जिच्यातून जाणारी वस्तू कुणाला साठवून ठेवता आली नाही.

वेढा घालणाऱ्यांचा न्याय हेगच्या न्यायालयात झाला. सेनापती गालिच, सेनापती म्लादिच आणि राजकीय नेते काराजिच या तिघांना जन्मठेप झाली. यातले काराजिच युद्धाआधी याच शहरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरी करत होते. मुख्य गुन्हा त्यांचाच, यात शंका नाही. फटींवर बसून ज्यांनी जकात गोळा केली, त्यांच्यातले बरेच जण मात्र युद्धानंतर प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरले.

म्हणून, श्रोतेहो, एखाद्या वेढलेल्या शहरात मदतीचे इतके ट्रक पोचले अशी बातमी ऐकली, तर ट्रकांच्या आकड्यावर थांबू नका. नाक्यावर कोण होतं, त्याने किती ठेवून घेतलं, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हाती काय पडलं, ते विचारा. सारायेव्होच्या लोकांना चार वर्षं रोज सकाळी हेच प्रश्न विचारावे लागले, आणि उत्तर चुकलं त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.