दहाचा आणि तिसाचा फरक

मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहितो. त्यामुळे मी यंत्राबिंत्राविषयी बोलू लागलो की घरचे हसतात. तरीही आज एका मुठीत मावणाऱ्या उपकरणाची हकीकत सांगणार आहे. ते उपकरण माझ्याच हातून जळलं होतं.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझ्या धाकट्या भावाचं दुकान आहे. मच्छीमार बोटींवरचे व्हीएचएफ सेट तो दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात सगळे सेट दुकानात येतात. अशा दिवसांत मीही जाऊन बसतो. चहा सांगणं, नोंदवही लिहिणं आणि जमेल तेव्हा सेट तपासणं ही माझी कामं.

बोटीवरचा सेट २५ वॉटचा. पण तो खरोखर पंचवीस देतो की तीनच, हे दिवा पाहून कळत नाही. दिवा तसाच लागतो, खरखरही तशीच येते. तांडेलाला कळतं ते खोल पाण्यात, हाक मारल्यावर कोणी उत्तर दिलं नाही म्हणजे. अर्थात अँटेना डोलकाठीवर किती उंच आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं, पण सेट आधी आपल्या जागी खरा हवा. म्हणून त्याची शक्ती मोजायची.

मोजणारा असतो पॉवर सेन्सर. त्याच्या पोटात नखाहूनही लहान दोन थर्मोकपल असतात. रेडिओ लहरींची ऊर्जा त्यांच्यात मुरते, ते तापतात आणि दोन निराळ्या पदार्थांच्या सांध्याशी किंचित व्होल्टेज तयार होतं. सीबेक यांना १८२१ साली सापडलेला परिणाम तो हाच. एक मिलिवॉट शक्तीला मिळतं व्होल्टाच्या सहा हजाराव्या हिश्शाएवढं. ते इतकं क्षीण की सेन्सरमध्येच त्याचे सेकंदाला २२० तुकडे पाडून, वाढवून मग तारेतून मीटरकडे पाठवतात. गझल लिहिणाऱ्याला वजनाची बारकाई नवी नाही, पण हे वजन मला थक्क करून गेलं.

इतक्या नाजूक जिवावर २५ वॉट सोडायचे नसतात. मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावतात. तो दिसायला नळीसारखा, पितळी तोंडाचा. तीस डेसिबलचा असला तर शक्तीचा हजारावा हिस्सा पुढे जातो, म्हणजे २५ मिलिवॉट. दहाचा असला तर दहावा हिस्सा, म्हणजे अडीच वॉट. आमचा सेन्सर सोसायचा फार तर ३०० मिलिवॉट.

२०१८ च्या जुलैत, भाऊ नमाजाला गेला असताना, मी दहाचा लावला.

बटण दाबलं, आकडा वर झेपावला आणि मग मीटर भरकटलं. मी सगळं काढून जागच्या जागी ठेवलं. भाऊ आला, त्यानं पुढचा सेट लावला, आकडा थरथरत राहिला. मी नोंदवही लिहीत होतो. काही बोललो नाही. नव्या सेन्सरची किंमत मला ठाऊक होती, आणि दुसरं म्हणजे मी थोरला.

त्यानं रीतसर शोध सुरू केला. मीटरमध्येच ५० मेगाहर्ट्झचा, बरोबर एक मिलिवॉटचा ठरीव स्रोत असतो. सेन्सर त्याला जोडला तरी मीटर ढिम्म. मग तार. एकेक पिन तपासली, संशय आला तो टाका नव्यानं मारला. फरक नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका प्राध्यापकाकडून त्याच जातीचा सेन्सर तासाभरासाठी मागून आणला. तो त्याच तारेवर, त्याच मीटरवर चोख एक दाखवू लागला. म्हणजे दोष आमच्या सेन्सरमध्ये. भावाला वाटलं, तुकडे पाडणारे ट्रान्झिस्टर गेले असतील. ते मागवायला त्यानं फोन उचलला, तेव्हा मी सांगितलं.

तो फोन हातात धरून बसला. मग म्हणाला, ‘‘बटण किती वेळ दाबलंत?’’

‘‘दोन सेकंद.’’

‘‘दोन सेकंद पुष्कळ झाले. भाई, हे परवाच सांगायचं.’’

बाहेर फळीवर सेटांची रांग होती. त्यातले चार त्या दोन दिवसांत द्यायचे कबूल केलेले.

त्यानं सेन्सरचं प्लास्टिकचं कवच उघडलं. आत छोटी पट्टी आणि तिच्या टोकाला धातूचा ठोकळा, थर्मोकपल त्यात. दोन्ही थर्मोकपल शंभर-शंभर ओहमचे. रेडिओ लहरींना ते समांतर दिसतात, म्हणून पन्नास. मल्टिमीटरला एकापुढे एक, म्हणून दोनशे. त्यानं काटेकोरपणे कमीत कमी प्रवाहाचा पल्ला निवडून टोकं टेकवली. दोनशेच्या जागी काहीच नाही. वाट तुटलेली. त्याची दुरुस्ती नसते, ठोकळाच बदलावा लागतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकाकडे त्याच जातीचा मोडका सेन्सर मिळाला. त्याची पट्टी गेलेली, ठोकळा शाबूत. पार्सल रातराणीनं आलं. भावानं त्याचा ठोकळा आमच्या पट्टीला जोडला आणि कवच मात्र त्याचंच ठेवलं. मी विचारलं, आपलं कवच चांगलं आहे की! तर म्हणाला, कवचावर जो तक्ता छापलाय, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती टक्के धरायचे तो, तो त्या ठोकळ्याचा आहे. आपलं कवच चढवलं तर आकडा स्थिर येईल, पण खोटा.

मग शून्य लावलं, ठरीव स्रोतावर एक मिलिवॉट जुळवला, तपासणीसाठी दहाचा अ‍ॅटेन्युएटर मध्ये घालून आकडा दहावा हिस्सा होतो ना ते पाहिलं. झाला. तीसच्या नळीला त्यानं लाल पट्टी गुंडाळली. दहाची नळी कपाटात टाकली आणि किल्ली माझ्याकडे दिली. यात टोमणा होता की विश्वास, मी विचारलं नाही.

३१ जुलैला संध्याकाळी शेवटचा तांडेल आला. कबूल केलेल्या चारांतला तो एक, चार हेलपाटे घातलेला. मी म्हटलं, तुमचा सेट चोवीस वॉट देतोय.

‘‘तोंडचे वॉट नकोत,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्यासमोर लावून दाखव.’’

मी नळी उचलली, तिच्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि मग बटण दाबलं.